जिन्यावरचं सर्वेक्षण

"या घरात एक मास्तर पुरे," असं म्हणून सरांच्या बायकोनं लेकीच्या हातातला अर्ज काढून घेतला आणि साखरेच्या डब्याखाली दाबून ठेवला.

सरकारी शाळेत सव्वीस वर्षं गणित शिकवणाऱ्या सरांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं. अर्ज एकच होता, पण त्यात दोन चौकटी होत्या. एकीत खूण केली की लेक शिक्षणशास्त्राच्या कॉलेजात जाणार होती, दुसरीत केली की बँकिंगच्या. मुदत पुढच्या शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत. लेकीनं आपल्यामागं हातात खडू धरावा असं सरांना मनापासून वाटत होतं. पण मनातलं उघड बोलायला घरात थोडीतरी पत लागते, आणि सरांची पत दर महिन्याच्या वीस तारखेला पगाराबरोबरच संपायची. आज तेवीस तारीख होती.

"तुला काय वाटतं?" सरांनी लेकीला विचारलं.

"मला दोन्ही बरं वाटतं," लेक म्हणाली. "बाबांचं ऐकलं की शिक्षक व्हावंसं वाटतं. आईचं ऐकलं की भीती वाटते."

"भीती वाटायलाच पाहिजे," बायको म्हणाली. "तुझे बाबा दोन वर्षं डाव्या बाजूनं जेवतायत. उजवी दाढ दाखवायला डॉक्टरकडे जायचं पुढच्या महिन्यात ठरतंय. हा पुढचा महिना काही येत नाही."

सरांनी डाव्या बाजूनं एक आवंढा गिळला आणि खिशातून शाळेचा हुकूम काढला. सोमवारपासून आठवडाभर त्यांना वर्ग नव्हता, सर्वेक्षण होतं. यात नवीन काही नव्हतं. सरांनी आजवर मतदार मोजले होते, भटकी कुत्री मोजली होती, एकदा तर रस्त्यावरचे बंद दिवे मोजले होते आणि त्यासाठी दिवे लागायची वाट बघत बसले होते. या वेळचा विषय मात्र वेगळा होता. सरकारी शाळेतल्या शिक्षकांना मिळणारा पगार कमी आहे, योग्य आहे की जास्त आहे, हे जनतेला घरोघर जाऊन विचारायचं होतं. बहुसंख्य लोक कमी म्हणाले तर पगार वाढणार होता. विचारायला शिक्षकच जाणार होते, कारण दुसऱ्या कुणाला पाठवायचं तर त्याला पैसे द्यावे लागले असते.

"हे बघ," सर म्हणाले, "माझ्याकडे आपल्या कॉलनीतली शंभर घरं आलीत. लोकांनाच ठरवू दे. एक्कावन्न घरं कमी म्हणाली तर लेक शिक्षिका होईल."

बायकोनं विचार केला. "आणि नाही म्हणाली तर?"

"तर बँक."

"चालेल," बायको म्हणाली. "लोकांना कळत असेल तर आज ना उद्या पगार वाढेल. लोकांनाच कळत नसेल तर मी माझी पोर त्या खड्ड्यात घालणार नाही."

लेकीनं मान डोलावली. सरांना वाटलं, अर्धी लढाई आपण इथेच जिंकली. एवढं साधं गणित लोकांना कळणार नाही असं त्यांच्या स्वप्नातही आलं नाही.

सर्वेक्षणाची पुस्तिका सोळा पानी होती आणि त्यात दोन नियम ठळक अक्षरांत होते. पहिला, विचारणाऱ्यानं स्वतःचं मत सांगायचं नाही. दुसरा, नागरिकाला प्रश्न पूर्ण समजल्याशिवाय त्याची सही घ्यायची नाही. आता, बाकीच्या शिक्षकांनी हा दुसरा नियम वाचला, सोडून दिला आणि मिनिटाला एक या वेगानं सह्या गोळा केल्या. सरांची अडचण अशी होती की 'समजलं का?' हा प्रश्न त्यांनी सव्वीस वर्षं रोज विचारला होता, आणि त्यावर समोरचा 'हो' म्हणाला म्हणजे त्याला काय समजलेलं असतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

सोमवारी सकाळी नऊ वाजता सर पहिल्या इमारतीत शिरले. तळमजल्यावर लाँड्रीवाला राहायचा. पुढे दुकान, मागे घर. सरांनी प्रश्न वाचला, "गेल्या दहा वर्षांत महागाई ऐंशी टक्क्यांनी वाढली आणि शिक्षकांचा पगार पस्तीस टक्क्यांनी वाढला. हे पाहता शिक्षकांना मिळणारा पगार कमी आहे, योग्य आहे की जास्त आहे?"

"हो," लाँड्रीवाला म्हणाला.

"हो नाही. कमी, योग्य की जास्त?"

"तुम्ही म्हणाल ते."

"मला मत सांगता येत नाही. टक्के म्हणजे काय ते माहिताय ना?"

"न माहीत असायला काय झालं? वीस टक्के सूट, तीस टक्के सूट."

"बरं. एखाद्या वस्तूवर आधी वीस टक्के सूट मिळाली, आणि उरलेल्यावर पुन्हा वीस टक्के. एकूण किती?"

"चाळीस," लाँड्रीवाला म्हणाला आणि इस्त्री फिरवू लागला.

इथे दुसरा कुणी असता तर सही घेऊन निघून गेला असता. पण सरांनी दप्तर खाली ठेवलं. खिशातून खडू काढला आणि दुकानाच्या काळ्या फळीवर, जिथे 'उधारी बंद' लिहिलं होतं, त्याच्याखाली शंभर लिहिले. शंभराचे ऐंशी झाले, ऐंशीतले वीस टक्के म्हणजे सोळा गेले, उरले चौसष्ट. सूट छत्तीसच.

लाँड्रीवाल्यानं इस्त्री उभी करून ठेवली. पुन्हा एकदा आकडे वाचले. मग त्याचा आवाज चढला. "म्हणजे तो साबणवाला चार वर्षं मला चाळीस सांगून छत्तीस देतोय? अहो सर, पुन्हा सांगा!"

सरांनी पुन्हा सांगितलं. मग महागाईचं सांगितलं, मग पगाराचं. पाऊण तास गेला. लाँड्रीवाल्याला सगळं लख्ख समजलं. त्यानं खुशीत पेन घेतलं आणि 'जास्त' या चौकटीत खूण केली.

"अहो, पण..." सर म्हणाले आणि थांबले, कारण मत सांगायचं नव्हतं. "म्हणजे, कारण लिहायला जागा आहे तिथे."

"कारण सरळ आहे," लाँड्रीवाला म्हणाला. "मला कुणी पाऊण तास उभं केलं तर मी चार शर्टांचे पैसे मागतो. तुम्ही पाऊण तास दारात उभं राहून शिकवलंत आणि काही मागितलं नाहीत. याचा अर्थ तुमचं व्यवस्थित चाललंय."

त्या दिवशी सरांची एकूण तीन घरं झाली. तिघांनाही टक्केवारी समजली आणि तिघांनीही 'जास्त'वर खूण केली. तिसऱ्या घरातल्या गृहस्थानं तर विचारलं, "सोमवारी दुपारी तीनला मास्तर शाळेत नाही, माझ्या दारात आहे. याला पगार कशाचा मिळतो?" त्यावर द्यायला सरांकडे उत्तर होतं, पण पुस्तिकेत जागा नव्हती. घरी येऊन त्यांनी भागाकार केला. या वेगानं शंभर घरांना तेहतीस दिवस लागणार होते आणि हातात पाच होते.

मग सरांनी कुठलाही मास्तर करील तेच केलं. मंगळवारी त्यांनी दारोदार फिरायचं सोडलं आणि सगळ्या इमारतीला एकदम जिन्यात बोलावलं. लोक पायऱ्यांवर बसले, सर मधल्या सपाटीवर उभे राहिले आणि मीटरच्या पेटीच्या दारावर खडूनं लिहू लागले. एकाला समजलं नाही तर शेजारचा समजावून सांगत होता. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी फ्रिजच्या हप्त्यांचा कागद घेऊन खाली आल्या. आपण एका फ्रिजचे दीड फ्रिजएवढे पैसे भरतोय हे त्यांना जिन्यातच कळलं आणि त्यांनी दुकानदाराचा असा उद्धार केला की पायऱ्यांवरची मुलं आनंदून गेली.

ही मुलं सरांच्याच वर्गातली होती. शाळेत त्यांच्यावर शिपायाला बसवलं होतं, आणि शिपायानं दोन दिवसांत त्यांना शांत बसणे हा एकच विषय शिकवला होता. आपले सर जिन्यात भेटतात म्हटल्यावर ती शाळा सुटताच इथे धावत यायची. बुधवारी लेक सरांचा विसरलेला डबा घेऊन आली तेव्हा तिला वर जायला वाटच मिळेना. एक मुलगी अपूर्णांकावर अडून रडकुंडीला आली होती. लेक तिच्याशेजारी खालच्या पायरीवर टेकली. बघता बघता तिच्याभोवती दहाबारा मुलं जमली आणि सरांचा डबा तसाच राहिला.

पण गणितात जादू आहे म्हणतात ते खोटं नाही. एकट्यादुकट्याला जे दिसलं नव्हतं ते सगळ्यांना मिळून दिसलं. ऐंशी आणि पस्तीस हे आकडे मीटरच्या पेटीवर शेजारी शेजारी लिहिलेले पाहिले की लोक माना पुढे काढून ते पुन्हा वाचायचे.

"हे तर फारच कमी झालं हो," आजी म्हणाल्या. "मग भागवता कसं?"

सरांनी मत सांगितलं नाही, फक्त पेन पुढे केलं. लाँड्रीवाला तर दुकान टाकून आला आणि त्यानं आपलं 'जास्त' खोडून 'कमी' केलं. शनिवारपर्यंत उत्तर बदलायची नागरिकाला मुभा होती. बुधवारी संध्याकाळी तीन इमारती पुऱ्या झाल्या तेव्हा पंच्याहत्तरातल्या अठ्ठावन्न घरांनी 'कमी'वर खूण केली होती.

सरांनी तो आकडा घरी नेऊन टेबलावर ठेवला. बायकोनं सगळे कागद स्वतः मोजले. दोनदा मोजले.

"म्हणजे कळतं लोकांना," शेवटी ती म्हणाली. आवाज जरा ओला झाला होता. "मला वाटायचं, आपल्यालाच तेवढं कळतं." आणि तिनं साखरेच्या डब्याखालचा अर्ज काढून लेकीच्या हातात दिला. "शनिवारपर्यंत थांब पण. सगळी शंभर होऊ देत."

त्या संध्याकाळी सर उजव्या बाजूनं जेवले. दुखलं, पण जेवले.

गुरुवारी चौथ्या इमारतीत जिना खच्चून भरला होता. वरच्या पायऱ्यांवर मोठी माणसं, खालच्या पायऱ्यांवर लेक आणि तिची मुलं. शिकवणं संपलं आणि सर सह्यांचे कागद वाटणार, एवढ्यात आजी गर्दीतून वाट काढत आल्या आणि त्यांनी डझनभर अंड्यांचा ट्रे सरांच्या हातात ठेवला. फ्रिजवाल्यानं भांडणानंतर दोन हप्ते माफ केले होते.

"नको आजी, खरंच नको," सर म्हणत होते.

"असू द्या. तुम्ही मेहनत घेतलीत."

"अहो, मला चालत नाही घ्यायला."

नेमक्या या क्षणी जिन्याच्या तोंडाशी साहेब उभे राहिले. साहेब शिक्षण खात्यातले. सर्वेक्षण कसं चाललंय ते बघत फिरायचे आणि कुठेही बसायचे नाहीत. त्यांनी पाहिलं ते असं. भिंतीवर गणितं. पायऱ्यांवर वह्या घेतलेले चाळीसेक लोक. मध्ये सरकारी शिक्षक, अंगात कडक इस्त्रीचं जाकीट, हातात बारा अंडी.

"खासगी शिकवणी," साहेब म्हणाले. "आणि मोबदला वस्तुरूपात."

"नाही साहेब, हे सर्वेक्षण आहे," सर म्हणाले. ट्रे खाली ठेवायला जागा नव्हती, म्हणून ते दोन्ही हातांनी तो धरून बोलत होते.

"सर्वेक्षणात अंडी कुठे येतात?"

"मी घेत नव्हतो."

"घेत नव्हता, असं लेखी आहे का?"

कुणाकडेच लेखी काही नव्हतं. सरकारी शिक्षकानं पैसे घेऊन शिकवण्या करायच्या नाहीत असा कडक नियम होता. साहेबांनी तिथल्या तिथे उभ्यानंच 'कारणे दाखवा' नोटीस लिहिली. शनिवारी दुपारी बारापर्यंत समाधानकारक खुलासा आला नाही, तर पुढच्या महिन्यापासून पगार बंद. जाताना ते खालच्या पायऱ्यांपाशी जरा थांबले, लेक काय शिकवतेय ते त्यांनी मिनिटभर ऐकलं आणि डायरीत काहीतरी टिपून निघून गेले.

कमी असलेला पगार बंद झाला तर किती टक्के घट होते हे काढायला सरांना खडूही लागला नाही.

आता कॉलनीतली माणसं कृतघ्न नव्हती, आणि घात झाला तो यामुळेच. शुक्रवारी सकाळी लाँड्रीवाला पुढे झाला. "सर, तुम्ही फक्त बसा. तुमच्या केसाला धक्का लागणार नाही." त्यानं घरोघर कागद वाटले आणि दुपारपर्यंत लोक जिन्यात रांग लावून लेखी जबाब देऊ लागले. सर एका पायरीवर बसून ते घेत होते आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरत होता.

'सर पैशाकडे ढुंकूनही बघत नाहीत,' असं एकानं लिहिलं होतं. 'सरांना पैसे दिले तर ते परत करतात, आम्ही करून पाहिलं आहे,' असं दुसऱ्यानं. आजींनी कापऱ्या अक्षरात लिहिलं होतं की सरांना काही कमी नाही, देवमाणूस समाधानी आहे. लाँड्रीवाल्याचा जबाब सगळ्यांत मोठा होता. सर सात वर्षं एकाच जाकिटात सुखी आहेत, इस्त्री मी स्वतः करतो, दुसऱ्या जाकिटाची त्यांना गरज असल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

"कसं लिहिलंय?" लाँड्रीवाल्यानं विचारलं.

"चांगलं आहे," सर म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"आता एकच राहिलं. आमचे ते सर्वेक्षणाचे कागद द्या. बदलायचेत."

"का?"

"अहो, असं कसं सर? इकडे आम्ही लिहिणार की यांना पैशाची गरज नाही, आणि तिकडे खूण करणार की यांचा पगार कमी आहे? साहेब दोन्ही कागद शेजारी ठेवणार. म्हणणार, कमी पडतो म्हणूनच हा शिकवण्या घेतो. तुम्ही अडकाल."

सरांना यात चूक सापडेना. सव्वीस वर्षांत एवढी बिनतोड मांडणी त्यांच्या एकाही विद्यार्थ्यानं केली नव्हती.

"पण मग..." ते म्हणाले. 'पण मग पगार वाढणार नाही, पण मग माझी लेक,' हे सगळं त्यांच्या ओठांवर आलं होतं. मत सांगायचं नव्हतं. आणि मत सांगायचं ठरवलं असतं तरी, आपल्यासाठी कामधंदा सोडून रांगेत उभ्या राहिलेल्या माणसांना कसं सांगायचं की तुमच्या प्रेमानं माझं वाटोळं होतंय?

एकेक जण कागद घेत होता, 'कमी' खोडून 'जास्त' करत होता, शेजारी सही करत होता आणि सरांचा खांदा थोपटून खाली उतरत होता. काही बायकांच्या डोळ्यांत पाणी होतं. चौथी इमारत तर नव्यानंच सही करणार होती, तिनं सरळ 'जास्त'पासूनच सुरुवात केली. संध्याकाळी सरांनी बेरीज केली. नव्याण्णव घरांपैकी 'जास्त' एक्याण्णव, 'योग्य' पाच, 'कमी' तीन. ती तीन घरं शुक्रवारी बाहेरगावी गेली होती.

शनिवारी सकाळी अकरा वाजता सर साहेबांच्या कचेरीत गठ्ठा घेऊन गेले. साहेबांनी उभ्यानंच एकूण एक जबाब वाचला.

"लेखी आहे," ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा प्रथमच सैल झाला. नोटीस फाडून त्यांनी टोपलीत टाकली. मग सर्वेक्षणाचे आकडे पाहिले. "एक्याण्णव जास्त! आणि प्रत्येकाखाली कारण. बाकीच्यांचे कागद नुसते खुणांचे आलेत. हे तुमचं वर पाठवतो, नमुना म्हणून."

"साहेब, एक सांगायचं होतं," सर म्हणाले. "हे आकडे खरे नाहीत. लोकांनी मला वाचवायला लिहिलंय."

"सह्या खऱ्या आहेत ना?"

"सह्या खऱ्या आहेत."

"मग झालं." साहेबांनी डायरी उघडली. "त्या दिवशी खालच्या पायऱ्यांवर एक मुलगी शिकवत होती. कोण ती?"

आठवडाभरात पहिल्यांदा सरांना उत्तर देताना बरं वाटलं. "माझी लेक," ते म्हणाले, आणि नुसतं तेवढ्यावर न थांबता तिचं पूर्ण नाव, तिला मिळालेले मार्क, आणि ती लहानपणी बाहुल्यांना पाढे कशी शिकवायची, हेही सांगितलं. साहेबांनी सगळं टिपून घेतलं आणि मान हलवली.

हिशेबाच्या खिडकीवर सह्या करून बाहेर पडायला सरांना साडेतीन वाजले. पाचला अर्जाची मुदत संपत होती. सर चालत निघाले, मग भरभर चालू लागले, मग चक्क पळू लागले. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी माणूस दप्तर घेऊन पळतो तेव्हा रस्त्यातले लोक बाजूला होतात. पळता पळता त्यांचा विचार पक्का होत गेला. बायको म्हणत होती तेच बरोबर होतं. लोक वाईट होते म्हणून नव्हे. लोक चांगले होते, आपल्यावर त्यांचा जीव होता, आणि इतकं असूनही आकडा एक्याण्णवच आला होता. यापुढे काय सुधारायचं राहिलं? लेकीला हात धरून बँकेच्या चौकटीत खूण करायला लावायची. ती रडली तरी चालेल. आपणही रडू, पण खूण बँकेचीच.

धापा टाकत त्यांनी दार ढकललं. "अर्ज कुठाय? बँक! बँकेवर खूण कर!"

लेक दारातच उभी होती. तिचा चेहरा फुललेला होता. "बाबा, अर्ज मी दुपारीच भरला."

"कुठला?"

"शिक्षणशास्त्राचा. अहो, ऐका तरी! दीड वाजता खात्याचा माणूस मोटारसायकलवरून पत्र घेऊन आला. मला नेमलंय!"

सरांची तीन वर्षांपूर्वीची पगारवाढीची थकबाकी अजून त्या खात्यातून निघायची होती. हे पत्र दोन तासांत पोचलं होतं. सरांनी ते हातात घेतलं. सर्वेक्षणातून दिसून आल्याप्रमाणे जिन्यात दिलेले शिक्षण प्रभावी ठरते व त्यास खर्च येत नाही, सबब सोमवारपासून कॉलनीत रोज सायंकाळी जिना-वर्ग सुरू करण्यात येत आहे. वर्गावर आपल्या कन्येची मानद शिक्षिका म्हणून नेमणूक करण्यात येत आहे. कालावधी दोन वर्षे. शिक्षणशास्त्राला प्रवेश घेतल्यास अनुभव धरला जाईल. मानधन देय नाही.

"बघा ना बाबा," लेक म्हणाली, "शिकायच्या आधीच नेमणूक! खालच्या जिन्यावरची पोरं आत्ताच येऊन विचारून गेली, सोमवारी किती वाजता म्हणून." आणि सर काही बोलायच्या आत ती आतल्या खोलीत पळाली, कारण अपूर्णांक सोपे करून कसे सांगायचे याची तिला तयारी करायची होती.

सर खुर्चीत बसले. हवं होतं ते झालं होतं. लेक शिक्षिका होणार होती. दहा दिवसांपूर्वी याच बातमीनं ते साऱ्या शाळेला पेढ्यासारखे गोड बोल वाटत फिरले असते. आता त्यांनी पत्राची घडी घालून ती दप्तरात ठेवली.

दप्तरात अजून एक कोरा कागद होता. शंभरावं घर त्यांचं स्वतःचंच होतं, आणि शंभर पुरे झाल्याशिवाय गठ्ठा बंद होत नव्हता. या घराचं उत्तर पाच वाजेपर्यंत फोनवरून कळवायचं होतं. बायको स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून उभी होती. ती भांडली असती तर सरांना सोपं गेलं असतं. ती नुसती आतल्या खोलीतून येणारा लेकीचा आवाज ऐकत होती. लेक रिकाम्या खोलीला अपूर्णांक समजावून सांगत होती, आणि खरंच फार छान सांगत होती.

सरांनी कागद गुडघ्यावर ठेवला आणि कोरड्या आवाजात प्रश्न वाचला, "शिक्षकांना मिळणारा पगार कमी आहे, योग्य आहे की जास्त आहे?"

बायकोनं आत पाहिलं, मग सरांकडे पाहिलं.

"सांगते," ती म्हणाली. "पण आधी मला नीट समजावून सांगा. तुमचा पगार तुमच्या एकट्याचा धरायचा, की आता दोघांचा मिळून?"

सरांनी पुस्तिका काढली, सोळाच्या सोळा पानं उलटून पाहिली. मग ती मिटून गुडघ्यावर ठेवली आणि पेनचं टोपण लावलं.